दोनशे लिटर, दोन गुंठे

धामापुरात मिरगाचा पाऊस लागला की परड्यात दोन प्रकारची माणसे उतरतात. पहिली काही न बोलता तवशाच्या, दोडक्याच्या बिया टोकतात आणि घरात जाऊन चहा पितात. दुसरी आधी मातीचा फोटो काढतात, तो पन्नास जणांना पाठवतात, उत्तरे येईपर्यंत छत्री धरून उभी राहतात, आणि तोवर बियांना खिशातच कोंब फुटतात. हे टिपण दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

मालवण तालुक्यात हा नमुना आता गावागणिक सापडतो. मुंबईत तीसपस्तीस वर्षे नोकरी, डोंबिवलीच्या गॅलरीत सहा कुंड्या, मग निवृत्ती आणि वडिलोपार्जित घराकडे प्रयाण. घर दुरुस्त होते, कौले बदलली जातात, आणि मागच्या दारी दोन गुंठे जमीन मोकळी मिळते. बाकीची जमीन सातबाऱ्यावर आहे. म्हणजे सतरा जणांची आहे. म्हणजे कोणाचीच नाही. तेव्हा जे काय परिवर्तन घडवायचे ते या दोन गुंठ्यांत. गाव अशा माणसाला तोंडावर काका म्हणतो आणि पाठीमागे ‘जीवामृत’.

हे नाव पडायला कारण परड्यातला निळा ड्रम. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर (२०१६ साली पद्मश्री) यांनी जीवामृताची कृती घरोघर पोचवली. दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचे, सकाळ-संध्याकाळ काठीने घड्याळाच्या दिशेने ढवळायचे, दोन दिवसांनी वापरायचे. हे प्रमाण एका एकराचे. एकराचे गुंठे चाळीस. म्हणजे काकांच्या दोन गुंठ्यांना दहा लिटर पुरेत. पण दहा लिटरच्या बादलीत काठी फिरवताना माणूस शेतकरी वाटत नाही, हे काकांनी जाणले आहे. त्यामुळे ड्रम पूर्ण भरतो, आणि उरलेल्या एकशे नव्वद लिटरांचे काय करायचे हा दर पंधरवड्याचा पेच. शेजाऱ्यांचे माड झाले, रस्त्याकडेची सुरंगी झाली, एसटीच्या थांब्यामागचा चाफाही झाला. तो चाफा यंदा इतका माजला आहे की थांबा दिसेनासा झाला.

कट्टा गावच्या बाजारात दुकानदाराने पहिल्यांदा गूळ-बेसन मिळून चार किलोचा हिशेब केला तेव्हा आपुलकीने विचारले होते, “काका, घराकडे काय जेवणावळ?” आता तो विचारत नाही, काका दिसले की बेसन तोलतो. शेजारणीचे मत मात्र ठाम आहे. “आमच्या पोरांका लाडवाक बेसान गावणा नाय, आणि हेंच्या झाडांका न्हेरी!”

शेण कोणत्याही गाईचे चालत नाही. देशी हवे. जर्सीचे नाव काढले तर काका कानांवर हात ठेवतात. सुदैवाने वाडीत एक ‘कोकण कपिला’ आहे. ही कोकणातली नोंद झालेली देशी जात. ठेंगणी, काटक, कातळावर चढउतार करणारी. काका तिच्यामागे तांब्या घेऊन फिरतात. नमस्कार करतात. एकदा त्यांनी तिच्या दिनचर्येची लेखी टाचणे केली. याच गाईने भाद्रपदात गडगा ओलांडून त्यांची भेंडी, वाली आणि अर्धा मांडव दुधी एका सकाळी फस्त केला. काका तक्रार घेऊन मालकाकडे गेले. मालक पडवीत सुपारी कातरत होता. तो म्हणाला, “काका, शेण व्हया मां? मग तिका खावक नको?”

यावर कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही.

सेंद्रिय म्हणजे एकच पंथ असे बाहेरच्यांना वाटते. आतली परिस्थिती वारकऱ्यांच्या फडांपेक्षा नाजूक आहे. पाळेकरांना गांडूळखत मुळीच मान्य नाही आणि आपली पद्धत ‘सेंद्रिय’ नव्हे, नैसर्गिक, असे ते बजावतात. गांडूळवाल्यांना बेसन म्हणजे उधळपट्टी वाटते. अमृतमातीवाले दोघांकडे करुणेने पाहतात. एक फुकुओकावाला आहे. जपानच्या मासानोबू फुकुओकांचे १९७५ सालचे पुस्तक मराठीत ‘एका काडातून क्रांती’ या नावाने आले. नांगरणी नको, खत नको, खुरपणी नको, फवारणी नको, हा त्यातला गाभा. या गृहस्थांनी त्यातले ‘नको’ तेवढे उचलले. फुकुओकांनी ते ‘नको’ म्हणण्याआधी अनेक वर्षे शेतात राबून पाहिले होते, हा भाग त्यांच्या वाचनातून निसटला. त्यांच्या परड्यात रानमोडी छातीइतकी वाढली आहे आणि ते तिच्याकडे संशोधकाच्या समाधानाने बघतात.

ही मंडळी रविवारी सकाळी धामापूर तलावाच्या काठी भेटतात. तलाव १५३० सालचा. विजयनगरच्या राजवटीत नागेश देसाई या मांडलिकाने बांधलेला. काठाला भगवतीचे देऊळ. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने तलावाला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान दिला. जवळपास पाचशे वर्षे हे पाणी खालच्या शेतीबागायतीला मिळते आहे आणि इतक्या काळात त्याने कोणाला पंथ विचारलेला नाही. काठावर मात्र गूळ काळा की पिवळा, यावर दोन मित्रांचे बोलणे गणपतीपासून बंद आहे.

या बैठकीत जैवगतिकवाल्यांचा प्रवेश झाला आणि गावात इतिहास घडला. रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने १९२४ साली दिलेल्या व्याख्यानांतून ही पद्धत निघाली. तीत गाईच्या शिंगात शेण भरून ते शरदात जमिनीत पुरतात, वसंतात उकरतात, आणि त्यातले चिमूटभर पाण्यात तासभर ढवळून शिंपडतात. काकांनी शिंग मिळवले. कोजागिरीच्या सुमारास, रात्री, विजेरीच्या उजेडात, एका मित्राला घेऊन त्यांनी ते परड्याच्या ईशान्य कोपऱ्यात पुरले. रात्री का, तर दिवसा काकी बघतील म्हणून.

काकींनी पाहिले नाही. बाकी सगळ्या वाडीने पाहिले. रात्री दोन पुरुष, विजेरी, खड्डा, शिंग. सकाळपर्यंत ‘करणी’ हा शब्द पाणंदीतून खालच्या वाडीला पोचला होता. त्याच आठवड्यात एकाची म्हैस आटली आणि एकाच्या पोराला ताप आला; मग पुरावाच झाला. काकांनी स्टायनरबद्दल समजावून सांगायचा प्रयत्न केला. जर्मन बोलणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून शिंग पुरले, हे ऐकून संशय दुपटीने वाढला. शेवटी जाणत्यांनी तोडगा काढला. राखणदाराला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणे घालायचे. तारुण्यात विवेकवादी शिबिरांना गेलेले काका हात जोडून उभे राहिले आणि प्रत्येक विरामाला सगळ्यांबरोबर “व्हय म्हाराजा” म्हणाले. गाऱ्हाणे घालणारा कसलेला होता. त्याने शेवटी आपणहून जोडले की ह्या लेकराच्या ड्रमाक येश दी. काकांच्या डोळ्यांत पाणी आले म्हणतात.

हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण या गप्पिष्ट बागवाल्यांचे कूळ फार मोठे आहे, आणि ते फार लांबही नाही. घाट चढून गेले की गारगोटी. तिथल्या मौनी विद्यापीठात श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४-२००१) गणित शिकवत. नरेंद्र दाभोळकरांचे हे थोरले बंधू. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, परसबागवाले, उत्साही गृहिणी यांनी आपापल्या वावरात प्रयोग करायचा, निरीक्षण लिहायचे, ते पत्राने आणि बैठकीत दुसऱ्यांना कळवायचे. दुसऱ्याने ते आपल्याकडे करून बघायचे आणि चुकले तर तसे कळवायचे. मोबाईल नव्हता, फोटो नव्हता, अंगठा वर केलेले चित्र नव्हते. पाने किती, त्यांवर ऊन किती, मुळाशी ओल किती, हे मात्र लिहिलेले असे. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकात दहा गुंठ्यांवर एका कुटुंबाने नीट जगण्याचे गणित आहे. या धाग्याचे एक टोक मुंबईतही गेले. २००२ साली मुंबई बंदर न्यासाच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून माती तयार करून बाग फुलवली.

काका दाभोळकरांचे नाव घेताना कानाची पाळी धरतात. त्यांच्या मित्रमंडळाचे बोलणे प्रयोग परिवाराच्या दसपट आहे. त्यात फक्त आकडा कधी येत नाही. “जबरदस्त फरक पडला” हे माप चालते. “प्रचंड” हे त्याहून मोठे. कशाच्या मानाने, हा प्रश्न असभ्य समजला जातो. एकाच वाफ्यावर जीवामृत, गांडूळपाणी, आंबट ताक आणि राख पडते, आणि मिरची लागली की चारही पंथ तिच्यावर हक्क सांगतात.

वही त्या घरात आहे, पण ती काकांची नाही. मालवणच्याच जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले ‘कालनिर्णय’ स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेले असते, आणि त्याच्या चौकटींत काकी दूध-गॅसच्या हिशेबाशेजारी बारीक अक्षरात लिहितात. ‘भेंडी टोकली.’ ‘लाल भाजी ९ जुड्या.’ ‘वांदर इले.’ ‘हेंचा पाणी घातलेला वांगा मेला, नुसती राख घातलेला ऱ्हवला.’ मागच्या सहा वर्षांची कॅलेंडरे गुंडाळून पोटमाळ्यावर आहेत. आपण प्रयोग परिवारात आहोत हे काकींना कोणी कळवलेले नाही.

काकांचा सर्वात मोठा पराभव टोमॅटोने केला. इथली जमीन जांभ्याची, आम्ल. पाऊस मुसळधार. जमिनीतले अन्नद्रव्य पाण्याबरोबर धुऊन जाते आणि जुलैच्या दमट हवेत टोमॅटो मर रोगाने उभ्या उभ्या मान टाकतो. म्हणून जुनी माणसे पावसात वेल मांडवावर चढवतात आणि भातकापणी झाल्यावर मळ्यातल्या ओलीवर कुळीथ, वाल, चवळी करतात, मुळा आणि लाल माठ करतात. कुळथाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात हे त्यांना ठाऊक नसेल; पिठीला चव येते हे ठाऊक असते. काकांनी तीन पावसाळे टोमॅटोच लावला. मिळालेल्या फळांवर ड्रम, बेसन, गूळ, शिंग आणि नारळ यांचा खर्च वाटला, तर दर सोनाराकडे विचारावा लागेल.

तरी एका बाबतीत गावाने त्यांचे ऐकायला हवे होते. ज्या गावाला शेणाचे कौतुक सांगितलेले हसू येते, त्याच गावात आता गोठे रिकामे आहेत, युरियाचे पोते पडवीत आहे आणि गडग्यावर तणनाशकाचा फवारा बसतो. काजूखालचा पातेरा लोक जाळतात. काका तो पोत्यांनी गोळा करून आणतात, वाफ्यांवर वीतभर पसरतात. चार वर्षांत त्यांच्या दोन गुंठ्यांतली लाल, टणक माती काळपट आणि भुसभुशीत झाली. मे महिन्यात पाणी एक दिवसाआड पुरते. जांभ्याच्या जमिनीत अन्नद्रव्य धरून ठेवायला सेंद्रिय पदार्थासारखे दुसरे काही नाही. हे काम पातेऱ्याने केले. श्रेय अर्थात ड्रमने घेतले.

आणि बियाणे. गावठी वांगी, पांढरा चिबूड, बाळीची मिरची, जे मिळेल ते काका राखेत घोळून डब्यांत भरतात आणि मागणाऱ्याला ओंजळभर देतात, अट एकच, की पुढच्या हंगामात दुप्पट परत करायचे. धामापूरच्या तलावाबद्दल अशीच गोष्ट सांगतात. लग्नकार्याला फुलांचे दागिने परडीत घालून पाण्यात सोडले की सोन्याचे वर येत. कार्य झाले की परत करायचे. एकाने केले नाहीत आणि देणे कायमचे थांबले. तलावाने एकदाच फसवून घेतले. काका दरवर्षी फसतात आणि दरवर्षी देतात. या एका बाबतीत ते तलावाच्या वरचढ आहेत.

गेल्या माघात मुंबईहून वीसेक सेंद्रियप्रेमी काकांची बाग बघायला आले. ड्रम झाला, शिंगाची जागा झाली, पातेऱ्याखाली हात घालून गांडुळे झाली. मंडळी मान डोलावत मागच्या दाराशी आली आणि थबकली. मोरीच्या पाण्याशी एक कढीपत्ता होता, कौलांना लागलेला, पाने तेलकट हिरवी. शेजारी मिरचीची दोन झाडे, फळांनी वाकलेली. फोटो निघाले. एक बाई म्हणाल्या, “काका, हे कशावर?” काकांनी तोंड उघडले आणि मिटले, कारण तिकडे ते कधी फिरकलेच नव्हते. काकी दारात आल्या. म्हणाल्या, “बांगडे धुतलेला पाणी.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग वह्या निघाल्या. मत्स्यजल, एकाने नाव सुचवले. लिटरला बांगडे किती, काकांनी विचारले. बायकोला शेतीतला प्रश्न विचारण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. काकी म्हणाल्या, “बाजारात गावतीत तितके.” पातळ किती करायचे? “हात धुवक लागता तितक्या.” मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर करून शाकाहारी पर्यायाविषयी विचारले.

“आसा मां,” काकी म्हणाल्या. “सोमवारी आमच्याकडे मासे नसतत. तेव्हा तांदूळ धुतलेला पाणी घालतंय.”

वीस जणांनी लिहून घेतले: सोमवार, तांदूळ. काकांनी खाली रेघ मारून विचारले, “मंगळवारी?”