प्रीतीने सांगतो, राग मानू नका

आमच्या मंडळीत कुणी ‘प्रीतीने सांगतो’ म्हणून सुरुवात केली की शहाणा माणूस आपल्या चपला शोधू लागतो. यानंतर जे येतं त्यात प्रीती सोडून सगळं असतं.

माझं घर साताऱ्याचं, सासुरवाडी सांगलीची, त्यामुळे मला दोन्ही पद्धतींचा लाभ होतो. सातारकर तोंडावर सांगतो. “आज प्रार्थना लांबली. तेवढ्यात मटण शिजून उतरलं असतं.” विषय संपला. सांगलीकर मात्र आधी हळद लावतो, मग जखम करतो. जेवणाआधी मी प्रार्थना केली की सासरे डोळे पुसत म्हणतात, “जावईबापू, काय सुरेख प्रार्थना! राज्यकर्ते आले, आजारी आले, प्रवासी आले. फक्त ताटातलं जेवण तेवढं राहिलं.”

वास्तविक माझी प्रार्थना लांब नसते, सर्वसमावेशक असते. पण हे बोलायची सोय नाही. कानउघाडणी नम्रपणे ऐकली की आत्मिक वाढ होते, असं नीतिसूत्रांपासून सगळीकडे लिहिलं आहे. आणि आत्मिक वाढीचं एक बरं असतं, ती नेहमी समोरच्याचीच व्हायची राहिलेली असते.

बोध कसा करावा याचा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात स्वच्छ दिला आहे. आधी एकट्याने त्याच्याकडे जा. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आमच्याकडे या तिन्ही पायऱ्या काटेकोर पाळतात, फक्त उलट्या. आधी मंडळीला कळतं, मग दोघंतिघं फाटकापाशी उभे राहून हळहळतात, आणि ज्याचं चुकलं त्याला सगळ्यात शेवटी कळतं, तेही प्रार्थनेच्या विनंतीतून. “आपल्यातल्या एका भावासाठी प्रार्थना करू या. नाव घेत नाही, पण त्यांनी नुकतीच पांढरी गाडी घेतली आहे.”

या बाबतीत मला प्रेषित पेत्राचं फार कौतुक वाटतं. अंत्युखियात पौलाने त्याला सर्वांदेखत झाडलं, आणि वर ते पत्रात लिहून ठेवलं. पत्राचं नावही गलतीकरांस! पेत्राने त्यावर काय उत्तर दिलं ते पौल सांगत नाही. पण पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलाचा ‘प्रिय बंधू’ म्हणून उल्लेख येतो. इथे कुणाचेही डोळे भरून येतील. मात्र लगेच पुढे असंही येतं, की त्याच्या पत्रांतल्या काही गोष्टी समजायला अवघड आहेत. हा पेत्र मला अगदी सांगलीचा वाटतो.

आता आमच्याच भागातलं उदाहरण. 1917 साली नारायण वामन टिळक मिशनचा पगार सोडून साताऱ्यात राहायला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे येणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यापासून टिळकांची एक मोठी खटपट चालली होती, ती साहेबाला सुधारण्याची. म्हणजे इथल्या माणसाला इथल्या चालीत, भजनात, कीर्तनात देव आळवू द्या. ऑर्गनवर पोसलेल्या कानांना टाळ पचवणं सोपं नव्हतं. पण पचलं. आज साताऱ्याकडे, जिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं, आणि सांगली-मिरजेकडे, जिथे प्रेस्बिटेरियनांचं, दोन्हीकडे ‘उपासना संगीत’ उघडलं की टिळक भेटतात.

आणि साहेबाला शिकवणाऱ्या टिळकांना कोण बोलणार? ते काम घरातच होतं. त्यांचा तापटपणा आपल्याला ठाऊक आहे तो लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवला म्हणून. तोही असा हसतहसत, की वाचणाऱ्याला टिळकांबद्दल माया वाटावी. ‘प्रीतीने सांगतो’ असं तोंडाने न म्हणता कसं सांगावं, हे ज्याला शिकायचं असेल त्याने तिथे शिकावं.

गंमत अशी, की ज्या भजनांनी साहेबाला सुधारलं ती आमच्या वडीलमंडळींनी आता अशी कवटाळली आहेत की गिटार घेऊन आलेला पोरगा त्यांना पाखंडी वाटतो. आमच्या सौभाग्यवतींचे मामा तर पेटीवर बसले की दुसऱ्या वाद्याला दाराबाहेर ठेवतात. पण शनिवारच्या तालमीत मी एक पाहिलं आहे. “सूर चढलाय, खाली या,” असं मामा एकेकाला दहादा म्हणतात आणि कुणाला अपमान वाटत नाही. जो तो निमूट खाली येतो. त्याच माणसाला रविवारी “काल उशीर झाला” म्हटलं, तर सोमवारी राजीनामा.

गेल्या नाताळाच्या तालमीत मात्र उलटं झालं. कॉलेजातली एक मुलगी मध्येच थांबून म्हणाली, “आजोबा, दुसऱ्या कडव्यापासून तुम्ही लय वाढवताय.”

सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. मामांनी भाता दाबून धरला आणि तबलजीकडे वळून विचारलं, “खरं का रे?”

तबलजी मूळचा सातारचा. म्हणाला, “पेटी नवीन घेतली तेव्हापासून वाढवताय.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“बोललो होतो की. प्रीतीने बोललो होतो, म्हणून ऐकू गेलं नसेल.”

मामांनी चष्मा पुसला आणि पोरीला म्हणाले, “तू इथं पेटीजवळ बस. पळायला लागलो की सांग.” पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला गाडी परत पळाली, पण या वेळी पोरगी बोलायच्या आत मामांनी स्वतःच पेटी थांबवली आणि तबलजीला म्हणाले, “तू का पळतोयस?”