अठरा हातांची अष्टभुजा

अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'वर आजवर जेवढी शाई सांडली, तेवढा भंडारा जेजुरीतही उधळला गेला नसेल. १९७६ साली हा छोटासा संग्रह इंग्रजीत आला, पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून समीक्षक एकच कोडं घालून बसलेत: या माणसाची श्रद्धा होती की नव्हती?

आमच्या माकणी गावात हे कोडं फार वेळ टिकत नाही. तेरणेच्या धरणाकडं तोंड करून बसणारे आमचे एक मामा खंडोबाचे. टोपीची कड भंडाऱ्यानं कायमची पिवळी. त्यांना मी 'जेजुरी'तली एक कविता गोष्टीसारखी सांगितली. पुजारी म्हणतो, देवी अष्टभुजा. पाहुणा काडी ओढून मोजतो, तर हात भरतात अठरा. पुजारी तरी आठावर ठाम. जाणकार इथं संशय, आधुनिक माणूस, परंपरेची पडझड असं बरंच काही बघतात. मामा चुना मळत म्हणाले, "काडी ओढलीच होती तर दिवा लावायचा की ओ!"

मामांना अशा हिशेबांचं नवल नाही. आमच्याच जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग मिळून खंडोबाची देवळं दोन, मूर्ती मात्र एकच. देव सव्वादहा महिने अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गात, आणि त्याचा लेखी करार होतो. चराचर व्यापणारा मार्तंड ठरल्या तारखेला मुक्काम हलवतो. यात पुराण कुठं संपलं आणि ग्रामपंचायत कुठं सुरू झाली, ते एखाद्या प्रबंधकारानं दाखवावंच. देवाच्या बायकाही दोन: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. पंडित याला दोन संस्कृतींचा संगम म्हणतात. मामा म्हणतात, "दोघींत रोजची किटकिट."

मला वाटतं, कोलटकर मामांच्याच ओट्यावरचे. हात, पाय, डोकं काहीच नसलेला, देवळाबाहेर बसवलेला एक देव त्यांना सगळ्यांत आवडतो, कारण मोडलेली माणसं तोच सांधतो. यात उपरोध आहेच; पण एवढा जीव लावून कोणी नुसती थट्टा करत नाही.

शेवटी मी 'जेजुरी'तलीच मनोहर नावाच्या माणसाची कविता सांगितली. उघडं दार बघून, आत कुठला देव असेल म्हणून तो डोकावतो, तर टकामका बघणारं वासरू. देऊळ नाही, गोठा. इथं मामा हसतील असं वाटलं होतं. ते गंभीर झाले.

"कालवड का गोऱ्हा?"

कोलटकरांनी लिहिलेलं नाही. कवितेत तेवढं एक राहूनच गेलं, असं मामांचं मत पडलं.