सरासरीत सुटलेला आरोपी

एनएफएसवरची, म्हणजे नेटवर्कवरून येणारी, फाइल रांगत आली की पहिला आरोपी नेटवर्क, दुसरा स्टोरेज. प्रोसेसर निर्दोष, कारण ‘टॉप’ कमांडच्या वरच्या ओळीत तो जेमतेम सहा टक्के दमलेला दिसतो. १६ कोअरपैकी एक घामाघूम आणि १५ चकाट्या पिटताहेत, तरी सरासरी सहाच! (सरकारी अहवालही असेच सुखी असतात.) तिथेच ‘१’ ही कळ दाबली तर प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. पण एवढे कष्ट कोण घेणार? एकाच टीसीपी जोडणीचं ओझं बहुधा एकाच कोअरवर पडतं. त्यात केर्बेरॉसचं एन्क्रिप्शन असेल तर विचारूच नका. लिनक्सनं २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीत हे ओझं वाटायला ‘एनकनेक्ट’ दिलं, एकाऐवजी १६ जोडण्यांपर्यंत. तेही फुकट. म्हणूनच बहुधा साहेबांनी नवा स्विच मंजूर केला.