मैंदर्गीचा हँडलप्रश्न

वळसंग मागे पडलं आणि माझी उजवी करंगळी गेली. होती जागेवरच, पण तिने माझ्याशी संबंध तोडले होते. थोड्या वेळाने शेजारची अनामिकाही तिच्या पक्षात गेली. उरलेल्या तीन बोटांचं सरकार चालवत मी अक्कलकोट गाठलं.

पहाटे सोलापूरहून निघताना बेत मोठा होता. अक्कलकोट, पुढे मैंदर्गी, मग दुधनी. वाहन म्हणजे नवीकोरी रोडबाईक. टायर अंगठ्याएवढे, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं आणि सीटपेक्षा चांगलं चार बोटं खाली. दुकानातच मी म्हटलं होतं, "हे जरा खाली नाही वाटत?" विकणारा पोरगा माझ्या पोटाकडे न बघता (हा त्याचा सभ्यपणा) म्हणाला, "सर, एरो पोझिशन आहे."

एरो म्हणजे वारा कापणारी. आता वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे खरंच आहे. ताशी 40च्या पुढे पळणाऱ्या शर्यतवाल्यांची बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते, म्हणून ते बिचारे हँडलवर पालथे पडतात. माझा वेग 18. त्या वेगाला वारा मला अडवत नव्हता, ओळखतही नव्हता. पण पोझिशन मात्र शर्यतवाल्याची. त्यामुळे धडाचा सगळा भार तळहातांवर आणि तळहाताच्या कडेने करंगळीकडे जाणारी ती एक नस हँडलखाली रगडली जात होती. या दुखण्याला डॉक्टर लोक चक्क सायकलवाल्यांचंच नाव देतात.

अक्कलकोटला वटवृक्ष मंदिराशी थांबलो. कळसाला हात जोडावे म्हणून वर बघायला गेलो तर मान वर होईना. दीड-दोन तास रस्ता बघून ती तशीच आखडली होती. शेजारच्या एका बाईंनी सोबतच्या मुलाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "बघ, देवापुढे कसं नम्र असावं!"

पुढे मैंदर्गीकडे वळलो. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आलेली होती, असं मला नंतर कळलं. जाताना मी फक्त डांबर बघितलं. त्या रस्त्याच्या डांबरावर मी आज छोटं पुस्तक लिहू शकेन. वाटेत एका बांधावर पटकेवाले आजोबा बसले होते. मला बघून त्यांनी हाक मारली, "एन कळकोंडीरी?"

ह्या भागात घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्हींचा काला. 1967 साली महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असं सुचवलं होतं. तालुका राहिला महाराष्ट्रात, पण कानडी काही कुठे गेली नाही. माझं कानडी बेताचं. तरी एवढं समजलं, की "काय हरवलं?" असं आजोबा विचारतायत. मान खाली घालून, पुढं वाकून, रस्ता निरखत चाललेला माणूस दुसरं काय करत असणार? मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत चढता आलं नसतं.

मैंदर्गीत एसटी स्टँडच्या अलीकडे कडुलिंबाखाली सायकलीचं दुकान दिसलं. दुकान म्हणजे लिंबाला टांगलेल्या ट्यूबा, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आणि दुरुस्तीला आलेल्या काळ्या सायकली. त्यांत 1951 साली सोनीपतला निघू लागलेली अ‍ॅटलस होती, 1956 पासून लुधियानात निघणारी हिरोही होती. सगळ्यांची हँडलं सीटच्या वर. अ‍ॅटलसवरचा माणूस सरपंचासारखा बसतो. रोडबाईकवरचा माणूस सरपंचापुढे अर्ज घेऊन आल्यासारखा.

"अण्णा, हँडल वर घ्यायचंय," मी म्हटलं.

"एवढंच व्हय?" मिस्त्री म्हणाले आणि आतल्या पोराला ओरडले, "सुत्तगी ता!"

हा शब्द मला येत नव्हता. पण पोरगं हातोडी घेऊन आलं तेव्हा आला.

त्यांचं चुकत नव्हतं. काळ्या सायकलीच्या हँडलचा दांडा चिमट्याच्या नळीत आत शिरलेला असतो आणि खाली एक पाचर त्याला आतून आवळून धरते. वरचा बोल्ट दोन आटे सैल करायचा, हातोडीने एक ठोका द्यायचा, पाचर खाली सुटते, हँडल हवं तेवढं वर ओढायचं. अण्णांनी हजारो हँडलं अशी उचलली असणार. माझ्या सायकलीचा भाव मनात येऊन मी मात्र दोन्ही हात पसरून हँडलच्या आडवा उभा राहिलो.

"ठोकू नका! ह्याचं वेगळं आहे. मी व्हिडिओ बघितलाय."

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. माझ्या पिशवीतला एल-कीचा जुडगा घेतला, सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि मी चार व्हिडिओ बघून न समजलेली गोष्ट एका वाक्यात सांगितली. "आपल्यात आतून धरतंय, ह्यात बाहेरून मिठी मारलीय."

नंतर त्यांनी हँडलच्या मधल्या टोपणाखाली बोट ठेवलं. हँडलच्या मानेवर 10 मिलिमीटरच्या तीन कड्या चळत लावून नुसत्या बसवल्या होत्या.

"ह्या कड्या वर कशाला? शोभेला?"

मला उत्तर नव्हतं. टोपण निघालं, बाजूचे दोन बोल्ट सैल झाले, कड्या वरून निघाल्या आणि मानेच्या खाली जाऊन बसल्या. हँडल 3 सेंटिमीटर वर आलं. मग अण्णांनी ती मान हातात घेऊन न्याहाळली. ती किंचित खाली झुकलेली होती. "उलटी घातली तर वर बघंल की!" त्यांनी ती उलटी घातली. आणखी 2 सेंटिमीटर. चिमटा मागे कललेला असतो, त्यामुळे वर सरकताना हँडल थोडं माझ्याकडेही आलं, हे वरकड.

आता मला ज्ञान पाजळायची संधी होती. "अण्णा, आधी वरचा बोल्ट, चिमट्याचा खुळखुळा जाईपर्यंतच. धरून ठेवायचं काम बाजूच्या बोल्टांचं. आणि ते 5 न्यूटन-मीटर आवळायचे."

"म्हंजे किती?"

मी गप्प. अण्णांनी मनगटाने हळूच पिळलं, थांबले, अर्धा आटाही नाही एवढं आणखी पिळलं. "आटे गेले नाहीत पाहिजे आन् हँडल फिरलं नाही पाहिजे. तेच तुमचं न्यूटन." पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, कटोरीपाशी बोट लावून बघितलं, हँडल दोन्हीकडं पुरतं वळवून केबल ताणत नाहीत ना याची खात्री केली. शेवटचं हे मी व्हिडिओतही बघितलं नव्हतं.

वीस रुपये म्हणाले. मी पन्नास दिले तर तीस परत केले. गावाच्या नावात 'मैंद' असून फसवणुकीचा पत्ता नाही. शोभेच्या कड्या लावून मला पाठवणारं ते चकचकीत दुकान भलत्याच गावात होतं.

दुधनी रद्द केली आणि परत फिरलो. मान वर. ज्वारी दिसली, तिच्यावर उतरलेला पाखरांचा थवा दिसला, गोफण घेतलेलं पोर दिसलं आणि खड्डा तेवढा दिसला नाही. पण हात आता हलके होते, धक्का कोपरातच मुरला. करंगळी परत माझ्या पक्षात आली होती. अनामिका अजून तळ्यात-मळ्यात.

बांधावर आजोबा तसेच होते.

"सिक्तेन्री?" म्हणजे सापडलं का.

"सापडलं," मी या वेळी थांबून म्हटलं.

"काय हुतं?"

"मान," मी मानेला हात लावून सांगितलं.

आजोबांनी माझ्या हाताकडे बघितलंच नाही. कानडीत मान म्हणजे अब्रू. त्यांनी माझ्या गादी लावलेल्या, मांड्यांना चिकटलेल्या सायकलीच्या चड्डीकडे बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "असल्या कापडात जाणारच की वो. सापडली तर आता धोतर नेसा."