‘मी जबाबदार’: एका सर्वनामाची चिकित्सा

महाराष्ट्र शासनाने 15 सप्टेंबर 2020 रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली आणि फेब्रुवारी 2021मध्ये, करोना पुन्हा डोके वर काढू लागल्यावर, कुटुंबही वगळून ‘मी जबाबदार’ एवढीच सुटसुटीत घोषणा शिल्लक ठेवली. आरोग्यधोरणाच्या अभ्यासकांनी या घोषणांची दखल घेतली, व्याकरणकारांनी मात्र घेतली नाही, ही खेदाची बाब होय. ‘मी’ हे प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनाम असून ते बोलणाऱ्याचाच निर्देश करते, असा नियम शाळेत शिकवला जातो. येथे बोलणारे शासन होते आणि ‘मी’ नागरिक होता. पहिल्या मोहिमेत दारोदार जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणाऱ्या पथकांत आशा कार्यकर्त्या होत्या. त्यांना शासनदरबारी ‘स्वयंसेविका’ म्हणतात, म्हणजे ज्यांना वेतन नसते, मानधन असते आणि तेही वेळेवर मिळावे म्हणून मोर्चा काढावा लागतो, अशा स्त्रिया. कुटुंब माझे, जबाबदारी माझी आणि जिने चढणे तिचे, असा हा त्रिपदी समास होता.

या सर्वनामाचा अचूक वापर एकाच ठिकाणी आढळतो, तो म्हणजे बिलाच्या खिडकीपाशी. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021–22च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो 1.84 टक्के भरला, आणि रुग्णांनी थेट खिशातून केलेला खर्च देशाच्या एकूण आरोग्यखर्चाच्या 39.4 टक्के. तेथे ‘मी’ म्हणजे मीच असतो. अन्यत्र मात्र नागरिकानेही शासनाचाच कित्ता गिरवून, आलेली जबाबदारी योग्य त्या टेबलाकडे पुढील कार्यवाहीसाठी रवाना करण्याची कला आत्मसात केली आहे.

या कलेचा सर्वांत समृद्ध आविष्कार आहारात दिसतो. मराठी मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत दोन संप्रदाय प्रबळ झाले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेला, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा मार्ग दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्यास सांगतो. ऋजुता दिवेकर यांचा मार्ग थोडे थोडे, वरचेवर आणि घरचे तूप न सोडता खाण्यास सांगतो. दोन्ही प्रवर्तकांनी खाणाऱ्याने स्वतःचे भान ठेवावे असेच सांगितले आहे. पण अनुयायी भानापेक्षा दीक्षेला महत्त्व देतो. लग्नाच्या पंगतीत एक जण घड्याळ लावून चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची तिसरी वाटी संपवतो आणि नियम मोडला नाही याचे समाधान मिळवतो; दुसरा दर दोन तासांनी खाण्याच्या आज्ञेतील ‘थोडे’ हा शब्द तेवढा गाळतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला ही युक्ती नव्याने शिकण्याचे कारणच नव्हते. वजन उतरले नाही, तर दोष पद्धतीचा ठरतो आणि भक्त पंथ बदलतो. मधल्या संक्रमणकाळात तो दोन्ही पद्धतींचे खातो.

चालण्याचीही हीच गत आहे. रोज दहा हजार पावले हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नसून, 1965मध्ये जपानमधील एका कंपनीने बाजारात आणलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलेला आहे. ‘मानपोकेई’ या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक असा होतो. वृद्ध स्त्रियांवर झालेल्या आणि 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास लाभ वाढणे थांबल्याचे दिसले. तरीही रात्री साडेअकराला नऊ हजार आठशेवर अडलेला गृहस्थ सोफ्यावर बसल्या बसल्या मनगट हलवतो, आणि घड्याळ त्याचे अभिनंदन करते. पर्वती चढून उतरल्यावर लागणाऱ्या मिसळीविषयी विस्तारभयास्तव येथे लिहिलेले नाही.

तरीही एक साक्षीदार फितत नाही. ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, म्हणजेच रक्तातील तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण, ही चाचणी मधुमेही व्यक्तीच्या मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि तेवढा काळ हिशेब बाळगते. उपाशीपोटी साखर तपासण्याच्या काळात दोन दिवस कारल्याचा रस पिऊन ‘पास’ होण्याची सोय होती; ही चाचणी गणपतीतले मोदकही धरते आणि दिवाळीच्या करंज्याही. तिच्यावर प्रयोगशाळा बदलणे हाच उपाय उरतो, आणि तो अनेक सुशिक्षित घरांत केला जातो.

जबाबदारीचे शेवटचे टेबल घरातच असते. तपासणीच्या खोलीत डॉक्टर गृहस्थाला विचारतात, “रोज फिरता का?” गृहस्थ पत्नीकडे पाहतो, ती सांगते, “हे कुठले फिरतात!” गोड किती, झोप किती, गोळी घेतली का, या सर्व प्रश्नांची उत्तरे प्रथमपुरुषाऐवजी तृतीयपुरुषात, आदरार्थी बहुवचनात येतात. जबाबदार या फारसी वळणाच्या शब्दाच्या पोटातच जवाब, म्हणजे उत्तर, असल्याने, जबाबदार कोण हे तेथे पुरेसे स्पष्ट होते. गृहस्थाच्या फाइलीत 2011पासूनचे कागद तारीखवार लावलेले असतात आणि त्यावरचे अक्षर तिचे असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असण्याचा विकार आहे. उठता उठता डॉक्टर तिला विचारतात, “आणि तुमचं रक्त कधी तपासलं होतं?” यावर ती गृहस्थाकडे पाहते, आणि गृहस्थ घड्याळाकडे.