सल्ला आपला, एफएसआय आमचा

लालबाग-परळच्या कुठल्याही गणेशोत्सव मंडळाचा अहवाल उघडा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार यांच्या खाली ‘सल्लागार’ म्हणून दहा-बारा नावे छापलेली असतात. त्यांना मान असतो, पहिल्या आरतीचे बोलावणे असते, आणि मूर्ती किती फुटांची आणायची हे ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही. शहराच्या नूतनीकरणासाठी शासन आणि महापालिका ज्या समित्या, अभ्यासगट नि सल्लागार मंडळे नेमतात, त्यांचीही गत हीच, असा एक सर्वसाधारण समज आहे. हा समज शासनावर अन्याय करणारा आहे. गेल्या तीसेक वर्षांचे कागद चाळले, तर शासन सल्ला ऐकत नाही असे मुळीच म्हणता येत नाही. ते कान देऊन ऐकते आणि त्यातले एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, वाढवणारे वाक्य तेवढे अचूक उचलते. शासन आणि सल्लागार यांच्यात एक करार आहे. तो कुठे नोंदवलेला नाही, त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले नाही, तरी त्याचे पालन राज्यातल्या कुठल्याही नोंदणीकृत करारापेक्षा काटेकोर होते. सल्ला जमीन मागत असेल, तर तो कपाटात जातो. सल्ला चटईक्षेत्र देत असेल, तर तो राजपत्रात जातो.

पहिल्या कलमाचा पुरावा गिरणगावात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे केले होते. एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. सुमारे ६०० एकरांचा प्रश्न होता. १९९६ मध्ये शासनाने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक, पुढे सिडकोचे मुख्य वास्तुविशारद. म्हणजे माणूस निवडण्यात शासन चुकले नाही. गटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा अहवाल त्याच वर्षी दिला. मुद्दा साधा होता: या जमिनी सुट्या सुट्या विकू नका, सगळ्या परळचा एकत्र आराखडा करा. अहवालाचे पुढे काय झाले, हे त्या भागात एक फेरी मारली तरी कळते. मार्च २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न राहता ज्या तुकड्यावर बांधकाम नव्हते तेवढ्याचीच झाली. गिरणीत मोकळा तुकडा तो केवढा असणार? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने मोकळ्या जागांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी आले. आराखड्यात असे फेरबदल नगररचना कायद्याच्या ३७ व्या कलमाने होतात. त्या कलमाची अट अशी, की बदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. धुराड्यांच्या जागी मनोरे आले, स्वरूप मात्र कायद्याच्या दृष्टीने तेच राहिले. इतकी सूक्ष्म दृष्टी मोतीबिंदूच्या शिबिरातही मिळत नाही.

दुसऱ्या कलमाचा पुरावा गिरगावापासून दादरपर्यंत पसरलेल्या उपकरप्राप्त चाळींत आहे. १९९७ मध्ये माजी मुख्य सचिव द. म. सुखटणकर यांच्या समितीने जुन्या इमारतींचा प्रश्न तपासला, आणि १९९९ च्या जानेवारीत त्याच नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखालचा एफएसआय अडीचपर्यंत गेला. सप्टेंबर २००३ मध्ये ‘बॉम्बे फर्स्ट’ या उद्योगजगताच्या संस्थेने मॅकिन्झीकडून ‘व्हिजन मुंबई’ अहवाल करून घेतला. २०१३ पर्यंत जागतिक दर्जाचे शहर हे त्याचे लक्ष्य होते आणि बांधकामाची मुभा वाढवणे हा त्याच्या उपायांतला एक. हा अहवाल कपाटात गेला नाही. त्याच्या पाठपुराव्यासाठी नागरिक कृती गट नेमला गेला, ‘मुंबई ट्रान्सफॉर्मेशन सपोर्ट युनिट’ नावाचा कक्ष उघडला गेला, आणि मुंबईचे शांघाय करण्याची भाषा मंत्रालयापासून पानाच्या ठेल्यापर्यंत सगळ्यांना पाठ झाली. २००९ मध्ये समूह पुनर्विकासाच्या ३३(९) ला एफएसआय ४ मिळाला. लक्ष्याचे २०१३ साल येऊन गेले. जागतिक दर्जा अजून वाटेत असावा. एफएसआय तेवढा वेळेवर पोहोचला.

यावर पहिला आक्षेप असा, की कोरियांचा सल्ला कागदावर सुंदर असला तरी व्यवहारात चालणारा नव्हता. दोन तृतीयांश जमीन सोडायची, तर कोणता मालक पुढे येईल? १९९१ पासून दहा वर्षे बहुतेक मालक जमीन दाबून बसले होते, हे खरेच आहे. नियम शिथिल केला नसता तर कामगारांची देणीही अडकली असती, या युक्तिवादात तथ्य आहे. पण मग व्यवहाराचा ताळेबंद शेवटपर्यंत वाचावा लागतो. २०१२ च्या पहिल्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरे निघाली, अर्ज मात्र लाखाच्या वर होते. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणीची घरे दाखवली जातात. लालबागच्या जमिनीतला वाटा कर्जतच्या लोकलने जाऊन घ्यायचा, ही व्यवहार्यतेची नवी व्याख्या म्हणावी लागेल. आणि परळचा एकत्र विचार न करण्याची किंमतही हिशेबात धरायला हवी. गिरण्यांच्या काळातल्या अरुंद पादचारी पुलावर टॉवरांमधल्या कार्यालयांची गर्दी लोटली, आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. तो पूल रेल्वेचा, जमीन महामंडळाची, नियम शासनाचा, परवानगी महापालिकेची. एकत्र आराखडा नको म्हटला की जबाबदारीचेही असे छान तुकडे होतात.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. सल्लागार हे चांगल्या घरांत राहणारे लोक. दहा बाय बाराच्या खोलीत, जिन्याला टेकू लावलेल्या चाळीत राहणाऱ्यांना त्यांचे वारसाप्रेम परवडत नाही. २०१२ मध्ये वारसा यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनीच तिला कडाडून विरोध केला. त्यांची भीती खोटी नव्हती. यादीत नाव लागले की पुनर्विकास अडणार, आणि दुरुस्तीचा पैसा कोण देणार ते कोणी सांगत नव्हते. तेव्हा तज्ज्ञांचा शब्द हा शेवटचा शब्द असावा, असा आग्रह कोणी धरू नये. पण ज्याला सल्ला नाकारायचा आहे त्याला तो कळायला तरी हवा. शिवाजी पार्कच्या माणसाला निदान यादी दिसली, म्हणून त्याने वाद घातला. नियम ५८ बदलताना परळच्या कामगाराला असा वाद घालता आला असता, तर निकाल कदाचित तोच लागला असता. पण मग तो त्याच्या देखत लागला असता.

तिसरा आक्षेप लोकशाहीचा. निर्णय लोकांनी निवडलेल्यांनी घ्यावा, नेमलेल्यांनी नव्हे. तत्त्व निर्विवाद आहे. फक्त ते कुठल्या तोंडाने सांगायचे, एवढीच अडचण आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षे शहराला एकही नगरसेवक नव्हता; २०२५-२६ चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला, प्रशासकानेच मंजूर केला. सल्लागार निवडून आलेले नाहीत ही तक्रार त्या काळात करायला निवडून आलेला माणूसच जागेवर नव्हता.

तेव्हा सल्ला बंधनकारक करा, अशी मागणी येथे नाही. मागणी अगदी किरकोळ आहे: नाकारायचा तर कारण लिहा. नेदरलँड्सच्या प्रशासकीय कायद्यात हेच आहे. सल्लागाराच्या मतापासून फारकत घेतली, तर निर्णयातच का ते नमूद करावे लागते. परदेशी उदाहरण नको असेल, तर १९९५ चे मुंबईचे वारसा नियम आहेत. आयुक्तांना वारसा समितीची शिफारस डावलता येते, पण अपवाद म्हणून आणि लेखी कारणे देऊन. तेही पुरे नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते, की कार्यालयाने आपल्या सल्लागार समित्यांची यादी आणि त्यांच्या बैठका-इतिवृत्ते लोकांना खुली आहेत की नाहीत ते स्वतःहून प्रसिद्ध करावे, आणि निर्णयाची कारणे ज्यांच्यावर त्याचा परिणाम होतो त्यांना द्यावीत. म्हणजे नवा कायदा करायलाही नको. प्रत्येक पुनर्विकासाच्या पत्र्यावर बिल्डरचे नाव आणि रेराचा क्रमांक असतोच. त्याखाली दोन ओळी वाढवायच्या. या जागेबद्दल कोणत्या समितीने काय सुचवले होते, आणि ते का मानले नाही. दुसऱ्या ओळीत लिहायला कारणच सापडत नसेल, तर पुढच्या वेळी समिती नेमूच नये. एफएसआय काही अडणार नाही, आणि बैठकांचा चहा-बिस्किटांचा खर्च वाचेल.