सुट्टीशास्त्री

भाईंदर पूर्वेला गोल्डन नेस्टपासून जेसल पार्कपर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, एक तरी सुट्टीशास्त्री सापडतोच. वय चाळिशीच्या आगेमागे, नोकरी अंधेरीला नाहीतर बीकेसीत, गाव कणकवली, राजापूर किंवा गुहागरकडे, आणि मुलं दोन. इथवर त्याच्यात नि तुमच्याआमच्यात फरक काही नाही. आमच्या बी विंगमधल्या शास्त्र्याचा घोळ झाला तो शाळांपायी. मोठी मुलगी राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजीत, कारण तेव्हा घरात मराठीचं प्रेम शिल्लक होतं. धाकटा सीबीएसईत, कारण मधल्या काळात मेव्हण्याचा मुलगा सीबीएसईत गेला. बायको कॉन्व्हेंटमध्ये शिकवते. म्हणजे वन बीएचके एक आणि शैक्षणिक वर्षं तीन. गावी जायचं तर आधी तिन्ही संचांचा छेद काढावा लागतो. दहावीला गणितात हा गृहस्थ जेमतेम काठावर सुटला होता, पण हा छेद त्याच्याइतका कुणाला निघत नाही.

त्याची वेधशाळा म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय. १९७३ साली जयंतराव साळगांवकरांनी ते सुरू केलं तेव्हा एका चौकोनात इतकं काही मावावं लागेल असं त्यांनाही वाटलं नसेल. लाल शाई मोठीची, हिरवी धाकट्याची, निळी बायकोची. स्वतःच्या रजेसाठी पेन्सिल, कारण ती खोडता येते. दुधाचे खाडे टिपायला त्यात जागाच उरत नाही, त्यामुळे दूधवाला सांगेल तो हिशेब या घरात प्रमाण.

याला रामरक्षा येत नाही, पण माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षात एकूण सुट्ट्या ७६ च्या वर जाता कामा नयेत, हे झोपेतून उठवलं तरी सांगतो. सुट्ट्यांच्या परिपत्रकातली आणखी एक ओळ त्याला पाठ आहे: उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ती गणपतीत किंवा नाताळात देण्याची मुभा. त्याच्या मते घरोघरच्या भांडणांचं मूळ या एका ओळीत आहे, आणि मला ते पटतं. मोठीची शाळा ते दिवस गणपतीला देते. बायकोची शाळा ते नाताळासाठी राखून ठेवते. धाकट्याची शाळा चतुर्थीला सुट्टी देते आणि त्याच आठवड्यात युनिट टेस्ट लावते. गणपतीत परीक्षा नकोत म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी निवेदन देतं, फोटो छापून येतो, टेस्ट होते.

पालकसभेत बाकीचे आईबाप मार्कांबद्दल विचारतात. हा शेवटपर्यंत थांबतो आणि बाईंना हळूच गाठतो.

"मॅडम, सहामाही नक्की कधी संपतेय?"

"डायरीत दिलंय."

"डायरीत टेंटेटिव्ह लिहिलंय."

"मग टेंटेटिव्हच आहे."

"पण साधारण? म्हणजे शुक्रवार धरू की शनिवार?"

बाईंना वाटतं, काय जागरूक पालक! मुलीला किती मार्क पडले ते त्याला घरी गेल्यावर मुलीकडून कळतं.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. लोकांना अधिक महिना म्हटलं की जावयाचं वाण आणि अनारसे आठवतात, याला युनिट टेस्ट आठवली. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला आलेले गणपती यंदा १४ सप्टेंबरवर गेले. चतुर्थी सोमवारी, म्हणजे शनिवारी १२ तारखेला निघायचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. बोटांवर मोजून त्याने सांगितलं, "१४ जुलै, मंगळवार, सकाळी आठ." हे त्याने गेल्या दिवाळीतच सांगितलं होतं, करंज्या खाता खाता.

२०२४ च्या १ नोव्हेंबरपर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. गणपतीचं तिकीट काढायचं तेव्हा शाळा उन्हाळ्यासाठी बंद, आणि नव्या वर्षाची डायरी अजून छापखान्यात. मुदत निम्मी झाल्यावर त्याने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण तो खट्टू झाला. काळजी करायचे ६० दिवस सरकारने परस्पर कापले, असा काहीसा भाव होता.

तर १४ जुलै. एरवी या वेळेला तो भाईंदर लोकलमध्ये असतो. त्या दिवशी हाफ डे. डायनिंग टेबलावर फोन चार: स्वतःचा, बायकोचा, आईचा आणि वायफाय वाटून देण्यासाठी शेजाऱ्यांचा. आरक्षण उघडतं त्या दिवशी आधार जोडलेल्या खात्यांनाच ऑनलाइन बुकिंग करता येतं, म्हणून आईचं आधार जोडण्यात गेला रविवार खर्ची पडलेला. कुठल्या स्टेशनावर चढायचं हे आधी ठरलेलं: वसई रोड. कारण भाईंदरहून ठाण्याला सामान घेऊन जाण्यापेक्षा नायगाव ओलांडून वसई गाठणं सोपं. २०२४ च्या ऑगस्टात वांद्रे–मडगाव गाडी सुरू झाली, बोरिवलीला झेंडा दाखवला, तेव्हा याने सोसायटीत पेढे वाटले होते. पण ती आठवड्यातून दोनदाच, आणि नेमकी शाळेच्या दिवशी.

सात अठ्ठावन्नला घरात कुकरची शिट्टी व्हायलाही बंदी. आठ वाजले. बायकोच्या फोनवर कॅप्चा आला.

"अहो, हा झेड आहे की दोन?"

"झेड! झेड! नाही, थांब…"

आठ वाजून तीन मिनिटांनी आईच्या फोनवर चार कन्फर्म तिकिटं निघाली. आईला ओटीपी म्हणजे काय ते अजून ठाऊक नाही, तरी वाडीत सगळ्यांना सांगत सुटली की यंदा तिकिटं मी काढली.

सगळी गणितं अशी सुटतात असं नाही. गेल्या वर्षी मोठीची परीक्षा नेहमीसारखी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आटपेल या हिशेबाने त्याने फेब्रुवारीतच तिकिटं काढली. मार्चात राज्यभरासाठी पहिली ते नववीचं एकच वेळापत्रक आलं: ८ ते २५ एप्रिल. स्लीपर रद्द करायचे माणशी १२० रुपये गेले, त्याचं त्याला काही वाटलं नाही. आपला अंदाज चुकला हे मात्र लागलं. आठवडाभर लिफ्टमध्ये तो कुणाशी बोलला नाही. त्यातच नागपूरच्या मेहुणीने फोनवर सांगितलं की विदर्भात शाळा २३ जूनला उघडणार, तुमच्या १६ ला ना? त्या सात दिवसांवरून दोन घरांत अजून थोडा ताण आहे.

विद्या दिल्याने वाढते म्हणून तो सल्ला फुकट देतो. तिसऱ्या मजल्यावरचे शहाभाई लाभपाचमेपर्यंत दुकान उघडत नाहीत, त्यांच्या सौराष्ट्राच्या तारखा हाच काढून देतो. नयानगरच्या दोस्ताला ईदसाठी गावी जायचं असतं, तिथे शास्त्र थकतं: चंद्रदर्शनावर अवलंबून असलेलं तिकीट ६० दिवस आधी काढायचं कसं? दोघे मिळून तीन गाड्यांची तीन तिकिटं काढतात. उत्तनच्या मित्राचा मात्र त्याला हेवा वाटतो. नाताळ म्हणजे २५ डिसेंबर, विषय संपला. काशिमिऱ्याहून सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या भाड्याचा विषय कुणी काढला, की एसटीच्या दीडपटीच्या वर भाडं घेता येत नाही, हा २०१८ चा शासन निर्णय तो ऐकवतो. पैसे नंतर भरतोच.

राहिली पेन्सिलीची रजा. दरवर्षी ती नामंजूर होते. बायकामुलांना वसई रोडला गाडीत बसवून, खिडकीतून पाण्याची बाटली आत देऊन हा परत भाईंदरला येतो आणि दहा दिवस खिचडी खातो. यंदा नवे साहेब आले. त्यांनी अर्ज न वाचताच सही केली. हा हबकलाच. घरी येऊन कालनिर्णयापुढे उभा राहिला, पानं उलटली, मागची पाककृतीही वाचली असावी. मग घाम पुसला. दिवाळीची परत यायची गाडी १५ नोव्हेंबरची. तिचं आरक्षण उघडतं १६ सप्टेंबरला सकाळी आठला, म्हणजे हा गावी असताना, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, नेमकं आरतीच्या वेळी. घरात रेंज नाही. रेंज सड्यावर.

त्याच रात्री त्याने काकांना फोन लावला आणि १६ तारखेची सकाळची आरती साडेआठला ठेवायची गळ घातली. कारण ऐकून काका उखडले.

"मेल्या, अजून येवक नाय आणि परत जावची घाई?"

"या परतीचं काढून झालंय हो काका," तो म्हणाला. "हे पुढच्या परतीचं."